सहा कोवळे आठवडे

रणधीरचा पहिला शब्द 'आई' होता, आणि तो ऐकून आम्ही पेढे वाटले.

त्याआधीचे अकरा महिने त्याच्या तोंडून 'ता' याशिवाय काही निघालं नव्हतं. चहा हवा असला तरी 'ता', पंखा नको असला तरी 'ता', रडू आलं की 'ता-ता-ता'. आणि हा माणूस कोण, तर पलूसपासून विट्यापर्यंत कुठल्याही जत्रेच्या कुस्ती मैदानात निवेदन करणारा. दुपारी तीनला माईक हातात घेतला की दिवेलागणीलाच खाली ठेवायचा. पैलवान कुठल्या गावचा, वस्ताद कोण, त्याच्या आजोबांनी कुणाला चीतपट केलं होतं, सगळं तोंडपाठ. आमच्याकडे मैदानात बायका जात नाहीत, त्यामुळे मी त्याचं निवेदन नेहमी लांबूनच ऐकलं, उसाच्या फडावरून कर्ण्यातून आलेलं. लग्नाला होकार दिला तो मी त्या आवाजाला. दूध संघातली नोकरी वगैरे माझ्या वडिलांनी पाहिली.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत एका मैदानात तो वाक्याच्या मधोमध थांबला. लोकांना वाटलं माईक गेला. "आवाज! आवाज!" म्हणून ओरडत राहिले. मेंदूच्या डाव्या बाजूची रक्तवाहिनी बंद झाली होती. उजवा हात लुळा पडला, पाय अधू झाला आणि भाषा गेली. बोलणं तर गेलंच, दुसऱ्याचं बोलणं कळणंही बरंचसं गेलं. मला तेव्हा सातवा महिना होता. इंदू जन्मली तेव्हा त्याने तिला डाव्या हातावर घेतलं आणि तिच्या कानात कितीतरी वेळ 'ता, ता' म्हणत राहिला.

म्हणून मिरजेबाहेरच्या पालवी केंद्रात, औषध सुरू झाल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तो 'आई' म्हणाला तेव्हा आत्यांनी पदर तोंडात कोंबला. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या भागात सासूला आत्याच म्हणतात. "माझ्या लेकानं मला हाक मारली," असं त्या बाहेर व्हरांड्यात जाऊन सगळ्यांना सांगत सुटल्या. पेढे आले. उपचार करणाऱ्या डॉक्टर मुजावर मॅडम गोड खात नाहीत, त्यांनीही अर्धा खाल्ला.

तो शब्द म्हणताना रणधीर माझ्याकडे बघत होता, हे फक्त मलाच दिसलं. इंदू माझ्या मांडीवर होती. तिच्यासाठी म्हटलेलं त्याने उचललं असेल, असं वाटून मला हसू आलं होतं.

*

मी आठवीला विज्ञान शिकवते. त्यामुळे मुजावर मॅडमनी कागदावर आकृती काढली तेव्हा मला ती कळली, आणि कळली याचा मला अभिमानही वाटला.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते बहुतेक वेळा ग्लुटामेट नावाच्या रसायनातून. एका पेशीने ते सोडायचं, दुसरीच्या अंगावरच्या ग्राहीने ते झेलायचं. ग्राही म्हणजे पेशीचं दार म्हणा. या ग्राहींपैकी एक जात विलक्षण आहे, एनएमडीए. तिच्या दारात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. नुसतं ग्लुटामेट येऊन भागत नाही. ते येतं त्याच क्षणी पेशी आधीपासून चेतलेली असेल, तरच बूच निघतं, दार उघडतं, कॅल्शियम आत शिरतं आणि त्या दोन पेशींमधला दुवा पक्का होतो. म्हणजे एकाच वेळी घडलेल्या दोन गोष्टींची गाठ मारायचं काम हा ग्राही करतो. दुधाचा वास आणि आईचा आवाज. 'गरम' हा शब्द आणि चटका. आपण जे काही शिकतो, त्यातलं बरंचसं असल्या गाठींचं असतं.

तान्ह्या बाळाच्या मेंदूत या ग्राहीचा एक भाग 'बी' प्रकारचा असतो. त्याचं दार जास्त वेळ उघडं राहतं, म्हणून जराशा पुढेमागे झालेल्या गोष्टींचीही गाठ बसते. मूल मोठं होतं तसा 'बी' जाऊन त्या जागी 'ए' येतो. त्याचं दार चटकन मिटतं. म्हणून बाळ न शिकवता भाषा शिकतं आणि आपल्याला तिशीत कानडी शिकायची तर घाम फुटतो.

नव्या औषधाने मोठ्या माणसाच्या पेशी सहा आठवडे पुन्हा 'बी' बनवू लागत. केंद्रात सगळे त्या काळाला 'कोवळीक' म्हणायचे. "पेशंटची कोवळीक कधी संपते?" असं परिचारिका एकमेकींना विचारायच्या. चाचण्यांचा तिसरा टप्पा चालू होता. रणधीरच्या आधी बारा जण बोलते झाले होते.

"पण एक अट आहे," मॅडम म्हणाल्या. "सहा आठवडे एकच आवाज. दहा माणसं बोलायला लागली की मेंदू गोंधळतो. तुम्ही बोलायचं. बाळाशी बोलता ना, अगदी तसं. लहान वाक्यं, सुरात, तेच तेच पुन्हा. बाकीच्यांनी खोलीत बसलं तर चालेल, तोंड उघडायचं नाही."

"आत्या, ऐकलंत?" मी म्हटलं.

"मला काय सांगतीस? मी एकादशीला पाण्याबिगर ऱ्हाते," आत्या म्हणाल्या.

आणि खरंच, ज्या बाईला फोनवरसुद्धा हळू बोलता येत नाही, ती सहा आठवडे खिडकीजवळच्या खुर्चीत मुकी बसली. इंदू नऊ महिन्यांची, अंगावर पिणारी. तिला दूर ठेवता येईना. मी रणधीरचं करताना कुणीतरी तिला धरायला हवं. म्हणून आत्या सकाळपासून रात्रीपर्यंत त्या खोलीत, आणि रात्रीही तिथेच पलंगाशेजारी सतरंजीवर.

संमतीपत्रात एक ओळ होती: 'भावनिक जवळिकीच्या स्वरूपात बदल संभवतात.' मला वाटलं, चिडचिड होत असेल. सही केली.

*

आता जे सांगणार आहे ते बाहेरच्या कुणाला हास्यास्पद वाटेल.

मी शाळेत मुख्याध्यापकांशी भांडते. पंचायतीत उभी राहून बोलते. पण सासूच्या देखत नवऱ्याला नावाने हाक मारायला, 'तू' म्हणायला, माझी जीभ रेटत नाही. आमच्या घरात कुणी तसा नियम केलेला नाही. पण कुणी करत नाही, म्हणून मीही करत नाही. गच्चीवर कपडे वाळत घालताना, गाडीवर मागे बसल्यावर, तो 'रणध्या' असायचा आणि मी 'गार्गे' असायचे. जिना उतरला की 'अहो'.

पालवीतल्या त्या खोलीला गच्ची नव्हती.

'ता ता' करणाऱ्या माणसाला 'अहो' म्हणवेना, आणि आत्या समोर असताना 'रणध्या' म्हणवेना. मग मी आपल्याकडे सगळ्याच बायका करतात ते केलं. लेकराच्या तोंडून बोलले. "इंदू, बाबांना सांग, आईनं खीर आणलीय." "आई आली बघ, आई आली." "आता आई काय करणार? आई तोंड पुसणार." एकाला भरवायचं, दुसरीला पाजायचं, दोघांना एकच अंगाई. जीभ कुठे अडत नव्हती. सूर आपसूक लागत होता.

मुजावर मॅडम काचेआडून ऐकायच्या आणि अंगठा दाखवायच्या. अगदी असंच.

सव्विसाव्या दिवशी तो 'पाणी दे' म्हणाला. पस्तिसाव्या दिवशी, "इंदू पडली, आई." शेवटच्या आठवड्यात तर खिडकीतून दिसेल त्याला नावं देत सुटला. "बस. निळी बस. बाई बशीत चढली."

"बशीत नाही रे, बसमध्ये," मी म्हटलं, आणि तो टाळ्या पिटून हसला. लुळ्या हातावर चांगला हात मारून. मी इतकी खूश होते की मला त्या हसण्याचं वय दिसलं नाही.

*

घरी आलो तेव्हा दूध संघातले लोक हार घेऊन दारात उभे होते. "जमदाडे, आता मैदान तुमचंच!" कुणीतरी म्हणालं. रणधीर माझ्या मागे सरकला आणि त्याने माझ्या ओढणीचं टोक धरलं.

हळूहळू दिसायला लागलं. डावा हात धडधाकट असूनही तो मी भरवल्याशिवाय जेवायचा नाही. इंदूला पाजायला घेतलं की तोंड फिरवून बसायचा. मी शाळेतून आले की दोघं एकाच वेळी दाराकडे यायचे, ती रांगत आणि तो पाय ओढत. आणि मी आधी कुणाला जवळ घेते याकडे दोघांचं लक्ष.

एका दुपारी आत्या इंदूला घेऊन शेजारी गेल्या होत्या. घरात आम्ही दोघंच, वर्ष-सव्वा वर्षात पहिल्यांदा. मी दार लोटलं आणि त्याच्या शेजारी बसून खांद्यावर डोकं टेकलं. तो ताठ झाला. शाळेच्या फाटकाशी आईने सगळ्यांदेखत पापा घेतला की आमच्या वर्गातली पोरं होतात तसा.

"आई, लाज वाटते," तो म्हणाला.

"मी आई नाही रे. मी गार्गी."

"माहितीय."

मला वाटलं, त्याला काही आठवत नसेल. म्हणून लग्नाचे फोटो काढले. तर सगळं आठवत होतं. "ही तू. हा मी. हळदीच्या दिवशी तू चिडली होतीस, मांडवात पंखा नव्हता. हा तुझा मामा, ह्याने जिलेबी लपवली." एकेक गोष्ट बिनचूक.

"मग?" मी विचारलं. "मग मी तुझी कोण?"

तो बराच वेळ शब्द शोधत राहिला. "बायको," म्हणाला. "पण ते... मैदानात मी पैलवानांचं सांगायचो ना? सगळं पाठ. तसं आहे. कुस्ती माझी नव्हे."

मला त्या वाक्याचा राग आला की त्याचा, माहीत नाही. मी ओरडले, "रणधीर!"

त्याचा चेहरा पडला. खालचा ओठ थरथरायला लागला. "मी काय केलं?" तो म्हणाला. आपल्याकडे मुलाला पूर्ण नावाने हाक मारतात ती रागावतानाच. माझ्या तोंडून त्याने आपलं नाव नव्या भाषेत पहिल्यांदा ऐकलं ते असं.

*

केंद्रात माझ्या गळ्यात एक बिल्ला असायचा. मी बोललेला शब्द न् शब्द त्यात नोंदला गेला होता. मुजावर मॅडमनी तो तक्ता पडद्यावर काढला.

सहा आठवडे. एक लाख बेचाळीस हजार शब्द. 'आई' सहा हजार दोनशेहून जास्त वेळा. 'बाबा' साडेतीन हजार. 'अहो' अकरा.

"आणि त्याचं नाव?" मी विचारलं.

"नाही."

"किती वेळा?"

"एकदाही नाही, गार्गी."

भरवणं आणि 'आई'. अंगाई आणि 'आई'. असहायपणा, ऊब, दुधाचा वास, सगळं एकाच वेळी, आणि दार उघडं. ग्राहीने त्याचं काम चोख केलं होतं. एकत्र आलं ते बांधलं. बायको म्हणून मी त्याच्या वाट्याला आलेच नव्हते, तर ती गाठ बसणार कशी? जुनी होती, ती वापरावाचून सैल झाली आणि तिच्यावर नवी बसली.

"चूक आमची आहे," मॅडम म्हणाल्या. "बाळाशी बोलता तसं बोला, हे मीच सांगितलं. आधीच्या बारा जणांत असं झालं नाही, कारण कुणाचा भाऊ बोलत होता, कुणाची बहीण. सोलापूरचे एक आजोबा तर सहा आठवडे बायकोला शिव्या देत होते. ती आजी आता त्यांच्यापेक्षा फर्मास शिव्या देते, पण नवऱ्याला नवराच समजते."

मी हसले. हसता हसता मला हुंदका आला. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मी पिऊन होईस्तोवर थांबल्या.

"कोवळीक आणखी एकदा आणता येते," मग त्या म्हणाल्या. "पहिली संपल्यापासून चार महिन्यांच्या आत. तिसऱ्यांदा नाही. दार वारंवार एवढा वेळ उघडं राहिलं की कॅल्शियम जास्त होतं आणि पेशी मरतात. दुसऱ्या वेळी पहिल्या वेळच्या गाठी सैल होतात. शब्द पुन्हा पक्के करून घेता येतील. पण आवाज तुमचा नको. तुम्ही दिसायलाही नको. तुमचा आवाज ऐकला की तीच गाठ आणखी आवळेल."

"मग माझ्याबद्दल त्याला काय वाटेल?"

"काही नाही."

"आणि आधीचं? लग्नाचं?"

"गोधडीवरचं ठिगळ उसवलं म्हणून खालचं विरलेलं कापड परत येत नाही." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दोन अनोळखी माणसांची मोठेपणी ओळख होते, तेवढी वाट राहील. हळू. होईलच असंही नाही."

म्हणजे आज निदान मी त्याची कुणीतरी होते. सगळ्यांत जवळची होते. माझ्या हाताशिवाय तो घास गिळत नव्हता.

*

आत्यांना मी हे चुलीशी बसून सांगितलं. गॅस असला तरी भाकरी त्या परसातल्या चुलीवरच करतात.

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि म्हणाल्या, "मला आजी म्हनतोय."

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

"पोटचं पोरगं. मी पेढे वाटलं. आन मला आजी म्हनतोय, इंदी म्हनती तसं."

"मीच शिकवलं, आत्या. आजी बघ, आजी बघ करून."

"तू एकदाबी त्याचं नाव घेतलं न्हाईस?"

"तुम्ही होता ना समोर."

त्यांनी चिमटा खाली ठेवला. "मला भ्यालीस व्हय? मी काय वाघ हाय?" त्यांचा आवाज फुटला. "अगं, वर गच्चीवर तुमचं काय काय चालायचं ते खाली सगळं ऐकू यायचं. रणध्या काय, गार्गे काय. मी रेडिओ मोठा करायची. एकदा, एकदा नुसतं म्हनली असतीस की आत्या जरा भाईर जावा, मी भाईर जाऊन झाडाखाली बसले असते की गं."

"मला सुचलं नाही."

"मलाबी न्हाई सुचलं." भाकरी करपली होती. त्यांनी ती उचलून गायीच्या टोपलीत टाकली. "आपल्या दोघींच्या मर्यादेनं लेकरू खाल्लं."

तरीही मी ठरवत नव्हते. दिवस सरकत होते. चार महिन्यांतला तिसरा संपत आला होता. मी स्वतःला सांगत होते की तो बोलतोय, हसतोय, आणखी काय हवं? रोज सकाळी तो माझ्या हाताने केस विंचरून घ्यायचा, आणि कंगवा फिरवताना त्याचे डोळे मिटायचे. तेवढा स्पर्श तरी माझा होता. कोण सोडेल?

मग एका रविवारी इंदू चालली. भिंत सोडून, चार पावलं. मी ओसरीवर बसले होते, रणधीर माझ्या गुडघ्याला टेकून. ती हात पसरून आली ती त्याच्याकडे, "बा-बा" करत. पोहोचली आणि तोल जाऊन माझ्या मांडीवर पडली. त्याने तिला ढकललं. जोरात नाही. वर्गात बाकावरची जागा घेणाऱ्याला ढकलतात तसं. ती उंबऱ्यावर आपटली. कपाळाला टेंगूळ आलं.

मी तिला उचललं आणि मागे वळून पाहिलं, तर तो तिच्याहून मोठ्याने रडत होता. "आई, मी मुद्दाम नाही केलं. मुद्दाम नाही, आई."

एका कुशीत ती, दुसऱ्या कुशीत तो. तेहतीस वर्षांचा, दाढी खुपणारा. मी दोघांच्या पाठीवर हात फिरवत राहिले. इंदूला बाप नव्हता. तिला एक मोठा, दुबळा, जीव लावणारा भाऊ होता. आणि तो कधीच मोठा होणार नव्हता, मी जवळ असेपर्यंत.

*

संमती त्याची लागत होती. मुजावर मॅडमनी त्याला सगळं समजावून सांगितलं, त्याच्यापुढेही तीच आकृती काढली.

"तू म्हणशील ते," तो मला म्हणाला.

"असं नाही चालत, रणधीर," मॅडम म्हणाल्या. "ते तुमचं मत नव्हे, ती तुमची यांच्यावरची माया आहे. तुम्ही विचार करा."

त्याने केला. कागदावरच्या त्या दाराकडे बघत बसला. त्याची बुद्धी कुठेही गेली नव्हती, हेच तर अवघड होतं.

"मग तू कुठे असशील?" त्याने विचारलं.

"मी नसेन."

"मला वाईट वाटेल?"

"दोन-तीन दिवस. मग नाही वाटणार."

"आणि तुला?"

मी अजून त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं, अगदी लग्नाआधीच्या गोष्टींतही नाही. "मलाही नाही," मी म्हणाले. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला ते पटलं. लेकराला आईचं पटतं तसं. मग त्याने डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, सही केली.

ज्या दिवशी त्याला आत नेलं त्या दिवशी त्याने माझं मनगट धरलं होतं. परिचारिका म्हणाली, "ताई, तुम्हीच सोडवा, आम्ही ओढलं तर दुखेल." मी एकेक बोट सोडवलं. करंगळी शेवटी. आत्या आत गेल्या, त्याच्या पाठीवर हात ठेवून. आता बोलायची पाळी त्यांची होती.

मी इंदूला घेऊन आष्ट्याला माहेरी गेले. सहा आठवडे आत्या रोज दुपारी व्हरांड्यात येऊन फोन करायच्या. दबक्या आवाजात, तो ऐकू नये म्हणून. "आज भात म्हनला." "आज तुला हुडकत हुता, उशीखाली बघत हुता." मग, "आज न्हाई हुडकलं." एकविसाव्या दिवशी त्यांचा फोन उशिरा आला.

"आई म्हनला मला," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघून म्हनला. मी कुनाला न्हाई सांगितलं गं. तुलाच."

"चांगलं झालं, आत्या."

"व्हय," त्या म्हणाल्या. दोघीही फोन ठेवत नव्हतो.

*

मॅडमनी सांगितलं होतं, आणखी सहा महिने वेगळ्या घरात राहा, मध्येमध्ये भेटा, घाई करू नका. कोवळीक संपल्यावर आठ दिवसांनी मी इंदूला घेऊन घरी गेले. सकाळी, दहाच्या सुमारास.

तो ओसरीवर पेपर वाचत होता. मला पाहून उठला. पाहुणा आला की उठतात तसा. "या. बसा," म्हणाला, आणि खुर्ची डाव्या हाताने पुढे सरकवली. स्वतः दाढी केली होती. गालावर एक ओरखडा होता.

"ही आता नीट चालायला लागली व्हय?" त्याने विचारलं. आता त्याचं बोलणं आत्यांसारखं झालं होतं. इंदू आधी माझ्यामागे लपली, मग हळूच पुढे गेली. तिने त्याच्या गुडघ्याला धरलं, तर त्याने आपला दुबळा उजवा हात कसाबसा उचलून तिच्या डोक्यामागे, खुर्चीच्या कोपऱ्याच्या आड धरला. तिला लागू नये म्हणून. मी ते पाहिलं. ज्यासाठी सगळं केलं, ते समोर होतं.

आत्या उठल्या. "चल गं इंदे, वासरू बघू," म्हणाल्या, आणि तिला कडेवर घेऊन परसात गेल्या. जाताना त्यांनी मधलं दार ओढून घेतलं.

आम्ही दोघंच राहिलो.

"मला सगळं ठावं हाय," तो म्हणाला. पेपरची घडी घातली. "आठवतंय पन. लग्न, हळद, दवाखाना. मी तुमच्या मागंमागं फिरायचो, त्येबी. तुम्हाला लई तरास झाला."

"त्रास नाही झाला."

"झाला आसंल." तो चांगला माणूस होता. नेहमीच होता. "मला खोटं बोलता येनार न्हाई. मला तुमचा राग न्हाई, काही न्हाई. पन दुसरंबी काही न्हाई. तुम्ही माहेरी ऱ्हायचं म्हनत असाल तर मी अडवनार न्हाई. आईबी न्हाई अडवनार. इंदूला तेवढं आनत जावा."

"रविवारी आणते," मी म्हणाले.

"किती वाजता?"

ज्या घरात मी चार वर्षं नांदले, ज्याच्या भिंतींचा रंग मी निवडला, त्या घरात यायची वेळ मी त्याला सांगितली. "दहाला येते. या वेळेलाच."

त्याने मान हलवली. लक्षात ठेवायचं असलं की तो ओठ आत घेतो, तसे घेतले. परसातून इंदूचं ओरडणं आलं आणि तो दाराकडे बघून हसला. मग माझ्याकडे वळला.

"तुम्ही पन थांबाल न्हवं? चहाला?"

मी त्या प्रश्नात काहीतरी शोधलं. सुरात, डोळ्यांत, मध्ये घेतलेल्या श्वासात. काही नव्हतं. दारात आलेल्या कुठल्याही बाईला त्याने हेच विचारलं असतं, याच अदबीने.

"थांबेन," मी म्हणाले.